चष्म्याचा निकाल

नव्या चष्म्याने मोगीच्या डोळ्यांची हालचाल क्षणभर टिपली आणि वर्गाच्या भिंतीवर निकाल उमटवला, 'हिला वाचता येणार नाही. ऐकण्याच्या वर्गात बसवा.'

शाळेसाठी नवनवी सॉफ्टवेअर हौसेने तपासणाऱ्या मुख्याध्यापिका सिंधूबाई वळवींनीच हा चष्मा मागवला होता. आता त्यांनी मोगीला जवळ ओढलं. ऐकण्याच्या वर्गात गेलेल्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तक देत नसत.

केंद्रप्रमुख दाणी म्हणाले, "बाई, मनाला कशाला लावून घेता? हल्ली भिंतीसुद्धा वाचून दाखवतात. पोरीचं काही अडणार नाही."

"मग तुम्ही कशाला शिकलात, साहेब?"

"आमच्या वेळी चष्मा कुठे होता?"

बाईंनी तो मोगीच्या नाकावरून काढून स्वतः लावला आणि पुस्तक पुढे ओढलं. बाविसाव्या वर्षी, चुलीपुढे बसून त्या अक्षरं शिकल्या होत्या. अजूनही त्यांचं बोट ओळीखालून सरके आणि डोळे बोटामागून अडखळत जात. चष्म्याने तेवढंच पाहिलं.

भिंतीवर निकाल उमटला. दाणी तो घाईघाईने पुसायला उठले.

"राहू द्या," म्हणत बाईंनी खणखणीत आवाजात वाचलं, "हिला वाचता येणार नाही. ऐकण्याच्या वर्गात बसवा."

पोरांमध्ये खसखस पिकली.

"आधी मला बसवा तिकडे. मग हिचं बघू." बाईंनी चष्मा दाणींच्या हातात दिला आणि मोगीपुढे धडा उघडला. "वाच गं."

मोगी पहिल्याच शब्दावर अडली. दाणींनी घड्याळ पाहिलं.

"घाई असेल तर निघा, साहेब," बाई म्हणाल्या. "आम्हाला वेळ लागणार आहे."