तांदळाचं धुवण

वणव्याच्या दिवसांत अंगणात वाळका पाला ठेवायचा नाही, असा आमच्या कॅलिफोर्नियातल्या वस्तीचा नियम. म्हणून बाबांचा खताचा ढीग मी कचऱ्याच्या हिरव्या डब्यात भरायला घेतला.

पाऊस मार्चमध्ये थांबला होता; बाबा एप्रिलमध्ये गेले. तरी फावडं आत गेलं तर पाला ओला.

"आई, तू यावर पाणी घालतेस?"

"तांदळाचं धुवण घालते. तुझे बाबा घालायचे तसंच. कोरडा पाला कुजत नाही, म्हणायचे."

"पण भात तर फक्त बाबाच खायचे."

आईनं खिडकीतल्या उन्हाकडे बोट दाखवलं. फडक्यावर वाटीभर तांदूळ वाळत होते, तुटून पार कणी झालेले.

"तेच रोज धुते आणि वाळवते," ती म्हणाली. "पण आता पाणी पांढरंच होत नाही गं."