पलीकडचं अर्धं घर

एकनाथनं खिशातलं संत्रं काढून दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीवर ठेवलं. संत्रं क्षणभर थांबलं, मग सावकाश घरंगळत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन टेकलं.

"बघ," तो लेकीला म्हणाला.

"बाबा, शंभर वर्षांचं घर आहे. थोडं झुकणारच." अनिकानं संत्रं उचललं आणि सोलायला घेतलं.

रिचमंडच्या जुन्या वस्तीतलं हे विटांचं डुप्लेक्स विकायला निघालं होतं. एका छपराखाली दोन घरं, मधे एक सामाईक भिंत, आणि मागच्या अंगणात एका चित्रकार बाईनं बांधून घेतलेला छोटा स्टुडिओ. अनिका व्हायोलिनं दुरुस्त करायची, तीही कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, ट्यूबलाइटखाली. तिला तो स्टुडिओ हवा होता. आणि एकनाथ कॅरीतल्या आपल्या घरून अडीच तास ड्राइव्ह करून आला होता, तो घरात खोट काढायला.

खोट काढायला जागाही भरपूर होती. तळघरात ओल, जिन्याचा कठडा हलणारा, वायरी जुन्या. तो एकेक दोष मोठ्यानं सांगत होता आणि अनिका दर वेळी "आय नो, त्याचं एस्टिमेट घेतलंय" म्हणत संत्र्याच्या फोडी खात होती.

खरं दुखणं वेगळंच होतं. महिन्यापूर्वी ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, दोन घरं आहेत, एकाला एक लागून." तेव्हापासून कॅरीतले मित्र त्याचं अभिनंदन करत होते. मुलगी शेजारी राहायला बोलावतेय, नशीब काढलंत! तो मान डोलवायचा, आणि घरी आल्यावर तो आणि त्याची बायको मालिनी 'आता कसं करायचं' एवढंच एकमेकांना विचारायचे. त्यांना कॅरी सोडायचं नव्हतं. तिथे त्याचा कारल्याचा मांडव होता, रविवारचं बॅडमिंटन होतं, मालिनीचा गाण्याचा क्लास होता. पण एकुलत्या एका मुलीनं प्रेमानं बोलावलं, तर नाही कसं म्हणायचं? त्यापेक्षा घरच पडकं निघालेलं बरं.

"आता दुसरी बाजू बघू," अनिका म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला. "तिथे टेनंट आहे."

दार सत्तरीच्या एका बाईनं उघडलं. लोरेटा तिचं नाव. शाळेची बस चालवून रिटायर झालेली, अकरा वर्षं इथे एकटी राहणारी. घर लख्ख होतं. ती एकेक खोली अशी दाखवत होती, जणू विकणारी तीच. हात मात्र सारखे एप्रनला पुसत होती. स्वयंपाकघरात आल्यावर ती थांबली आणि अनिकाला सोडून थेट एकनाथकडे वळली.

"सर, स्पष्टच विचारते. ही बाजू तुमच्यासाठी घेताय का? तसं असेल तर मला आत्तापासून जागा शोधायला हवी."

"नाही, नाही!" एकनाथच्या तोंडून निघून गेलं. "आमचं घर आहे ना कॅरीत. आम्हाला तेच आवडतं. आम्ही ते सोडून कुठेही जाणार नाही."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, अनिका मागेच उभी होती.

लोरेटानं खुर्ची ओढली आणि ती मटकन खाली बसली. बापलेक तिचे आभार मानून मागच्या दारानं अंगणात आले. स्टुडिओपाशी पोचल्यावर एकनाथ थांबला.

"अनू, तुला वाईट वाटलं असेल, पण…"

"बाबा, तुम्ही दोघं खरंच नाही येणार?"

"येऊ ना. दिवाळीला येऊ. चार दिवस."

अनिका दारालाच टेकली आणि हसायला लागली. "ओह, थँक गॉड! नीना मावशी म्हणाली, आईनं पॅकिंगपण सुरू केलंय. तुम्हाला नो कसं म्हणू, मला कळतच नव्हतं."

"म्हणजे तू आम्हाला बोलावत नव्हतीस?"

"मी लोरेटाबद्दल सांगत होते! तिचं भाडं येणार, म्हणून तर मला हे घर परवडतंय."

एकनाथला हायसं वाटलं. आत कुठेतरी बारीकसं टोचलंही, पण हायसं जास्त वाटलं. मग तोही हसू लागला, इतका की लोरेटानं खिडकीतून डोकावून पाहिलं.

दोघं आत गेले. लाकडी जमिनीवर रंगांचे जुने थेंब वाळून घट्ट झाले होते. उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून शांत, सारखा उजेड येत होता. एकनाथनं या वेळी छताकडे पाहिलं नाही, की भिंतीवर टकटक केली नाही.

"तुझं टेबल कुठे येईल?" त्यानं विचारलं. ती हे काम करायला लागल्यापासून नऊ वर्षांत त्यानं त्याबद्दल असं काही विचारलं नव्हतं.

"इथे. खिडकीखाली."

"उंची किती लागते?"

"माहीत नाही. आत्ताचं फार बुटकं आहे. पाठ दुखते."

"उभी राहा बघू. काम करतेस तशी."

अनिका खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. एका हातात नसलेलं व्हायोलिन धरलं, दुसऱ्या हातात नसलेला चाकू, आणि मान खाली घातली. एकनाथनं खिशातून पेन्सिल काढली, वाकून नीट पाहिलं आणि तिच्या कोपराच्या जरा खाली, भिंतीवर आडवी रेघ मारली.

"बाबा! घर अजून आपलं नाहीये!"

"पेन्सिलच आहे. पुसता येते," तो म्हणाला, आणि त्याच रेघेवरून पुन्हा एकदा, दाबून, पेन्सिल फिरवली.