नातीचं उष्टं

टाकीत बुडवलेली विष तपासायची पट्टी लालभडक होऊन वर आली, तशी टाकीची राखणदार शेवंतीकाकी काठावर मटकन बसली. ज्या शेवाळाच्या पिठावर अख्खी वाडी जगत होती, ते रात्रीतून विषारी झालं होतं.

समुद्रातले बारीक जीव चरायला आले की हे शेवाळ त्यांचा वास ओळखून विष तयार करायचं. वाडी ते खायला लागल्यापासून त्याला खाणाऱ्या माणसांचाही वास कळू लागला. म्हणून राखणदाराने त्या पिठाची भाकरी खायची नाही, असा नियमच होता. काकीने नऊ वर्षं कुळथाच्या पिठीवर काढली होती.

पट्टी बघून सरपंच मंजिरी चिडली. “काकी, तुम्ही खाल्लंत?”

“खाल्लं कुठे गो? काल नातीने ताटात अर्धी भाकरी टाकली. फेकवेना, म्हणून उष्टं संपवलं.”

“विष उतरायला महिना लागेल. तोवर वाडी काय खाणार?”

काकीने कमरेची टाकीची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

“माझ्या घरी कुळीथ आहेत, ते वाटून घ्या,” ती थकून म्हणाली. “आणि कुणाकडे शिळी भाकरी उरली असेल, तर तेवढी मला द्या.”