साबणपाण्याची बाटली

लेझरने कोरून निघालेल्या प्लास्टिकच्या बिल्ल्यांवरची काजळी मंदाताई एकेक करून ब्रशने घासत. नवी आलेली रेवती मात्र कोरण्याआधीच प्लास्टिकच्या शीटवर टेप लावायची. टेप ओढली, की काजळीही निघायची. मग साबणपाण्याचा एक हात फिरवला, की झालं. मालक तिचे गोडवे गात आणि मंदाताईंचा जळफळाट होई.

चहाला उठताना त्यांनी रेवतीच्या साबणपाण्याच्या बाटलीत थिनर ओतलं. पडू देत तिचे बिल्ले पांढरेफटक!

परतल्या, तर रेवती रडवेली. "ताई, माझे संपले होते, म्हणून तुमचे पुसायला घेतले. सगळे पांढरे पडले हो!"

मालक धावत आले.

"चूक माझी, सर," रेवती लगेच म्हणाली.

"किती प्रामाणिक पोर!" मालक कळवळले.

मंदाताईंनी ब्रश आपटला. एवढं करूनही कौतुक पुन्हा तिचंच!