फाटकाआधीचा भोंगा

हिवाळे उस्तादांनी खेळण्यातल्या वीतभर डिझेल इंजिनात आवाजाची चिप बसवली आणि टेबलावरच्या रुळांवर ते सोडलं. आवाज ते पूर्वी रेल्वेत चालवायचे त्या खऱ्या इंजिनाचा होता. तेव्हाचा असिस्टंट प्रल्हाद याने ड्यूटीवर चोरून मोबाइलमध्ये टिपलेला, आज हौसेनं चिपमध्ये भरून आणलेला.

"उस्ताद, डोळे मिटा. केबिनमध्येच बसलोय की नाही?" प्रल्हाद म्हणाला.

तेवढ्यात लांबलचक भोंगा वाजला. पुन्हा वाजला. मागोमाग हिवाळ्यांचीच आरोळी, "फाटकात ट्रॅक्टर!"

प्रल्हादचा चेहरा उतरला. "हा तुकडा मी कापला होता..."

ट्रॅक्टरवरची दोन माणसं गेली, तेव्हा चौकशीत प्रल्हादनेच सांगितलं होतं, ड्रायव्हरने भोंगा दिलाच नाही.

"भोंगा दिला म्हटलं असतं तर पुरावा मागितला असता. मोबाइल दाखवला असता तर माझी नोकरी गेली असती, उस्ताद."

"माझी गेली, ते सोड. पण त्या धक्क्यात मला काहीच आठवेना, सोळा वर्षं मी तुझंच खरं मानत आलो रे. वाटायचं, त्या दोघांना मीच मारलं."