रविताच्या घरचं गाणं

परराज्यातल्या उधन्याच्या मराठी शाळेत यंदा आदिवासी दिनाला पुस्तकातलं गाणं बसवायचं नाही, मुलांच्या घरचंच घ्यायचं, असं उज्ज्वला मॅडमनी ठरवलं. धडगावकडून मजुरीला आलेल्या घरातली रविता पावरा वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिला विचारलं, तर तिने तिच्या बोलीतलं अख्खं गाणं न अडखळता म्हणून दाखवलं. मॅडम हरखल्या. अर्थ कुणालाच कळत नव्हता, पण चाल गोड होती. मॅडमनी त्याला ढोलकी जोडली, गोल नाच बसवला आणि सगळ्या वर्गाकडून ते पाठ करून घेतलं.

कार्यक्रमाला रविताची आई रुमलीबाई बांधकामावरून तशीच आली होती, हातापायाला सिमेंट लागलेलं. गाणं सुरू झालं. पालकांनी टाळ्यांचा ठेका धरला, मोबाईल वर झाले. रुमलीबाईने डोक्यावर पदर ओढला आणि खुर्चीवरून उतरून ती जमिनीवर बसली.

मॅडम धावत तिच्याजवळ आल्या. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"माणूस मेल्यावर म्हणतात हे, मॅडम." तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

स्टेजवर पोरं हसत गोल फिरत होती. मॅडम तिच्याशेजारी खाली बसल्या. "मग होळीचं का नाही म्हटलं तिने? तुमच्याकडे तर होळी केवढी मोठी असते."



"होळीला मुकादम सोडत नाही. गावाला आम्ही कुणी मेलं तरच जातो."