डीझेलचा बोळा

"गाडीला माती घासतीस व्हय गं?" कृष्णातआबा पायरीवरून उठलेच.

प्रियदर्शनीच्या हातात राखाडी रंगाचा मऊ गोळा होता आणि तो ती नुकत्याच धुतलेल्या लाल बॉनेटवर पुढे-मागे फिरवत होती. माती नव्हे आबा, याला क्ले म्हणतात, रंगात रुतून बसलेली धूळ ओढून काढते, असं तिनं सांगितलं. आबांना ते पटलं नाही. सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगमागे काढलेल्या माणसाला लेकीनं गाडीबद्दल शिकवायचं, म्हणजे जरा जडच.

"कुणी सांगितलं?"

"डबीवर लिहिलंय."

"कंपनीवाले टायरवर पण लिहायचे काय काय. निम्म्यात झिजून गुळगुळीत गोटा व्हायचा त्याचा."

तिनं धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी त्यांच्या पंजावर चढवली आणि तो पंजा दारावर ठेवला, जिथे अजून क्ले फिरली नव्हती. पिशवीखाली रवा सांडल्यासारखं खरखरलं. मग तोच पंजा तिनं बॉनेटवर नेला. तो घसरत थेट काचेपर्यंत गेला. आबांनी पिशवी न काढताच पंजा पुन्हा दारावर नेला.

बंगळुरात के. आर. पुरममधल्या या भाड्याच्या घरापुढे गाडी कशीबशी मावेल एवढंच अंगण होतं. आबा उद्या रात्रीच्या बसनं गडहिंग्लजला परत निघाले होते. तिथल्या घरात आता त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. राहा म्हटलं की ते एकच विचारत, "हितं मला काय काम?" त्यांनी जाऊ नये असं तिला फार फार वाटत होतं. गाडीपाशी तरी त्यांचं मन रमेल म्हणून तिनं आजचा रविवार गाडीच्या नावावर काढला होता.

दुपारपर्यंत क्ले झाली. मग तिनं बॉनेटला वॅक्सचा पातळ हात दिला आणि ते वाळेपर्यंत कॉफी करायला म्हणून आत गेली. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. तो आटपून कपबशा घेऊन बाहेर येते, तर अंगणभर डीझेलचा वास.

आबा हातात चिंध्यांचा बोळा घेऊन उभे होते. चेहरा असा फुलला होता, की इतक्या दिवसांत तिनं तो तसा पाहिला नव्हता.

"पांढरे डाग पडले होते बघ तुझ्या त्या मलमाचे. शेजारच्या मंजुनाथला म्हटलं, अण्णा, स्वल्प डीझेल कोडी. त्याच्या टेम्पोतनं थोडं काढून दिलं बिचाऱ्यानं. आमची गाडी रोज सकाळी अशीच पुसून डेपोतनं काढायचो. आता तोंड बघ त्यात."

तोंड दिसत होतं खरं. प्रियदर्शनीच्या डोक्यात तिडीक गेली.

"आबा, काय केलंत हे! डाग नव्हते ते, वॅक्स वाळत होतं. सगळं गेलं. आणि आता या डीझेलला अख्ख्या रस्त्याची धूळ चिकटणार."

आबांनी बोळा पाठीमागे लपवला. साहेब तपासणीला आल्यावर लपवत असतील, तसा.

"म्हणून म्हणतोय, जातो मी," ते हळूच म्हणाले. "बसून खायचं, आणि उठलं की नासधूस."

तिला त्यांची इतकी दया आली, की "असू द्या" हे शब्द अगदी ओठांवर आले. पण कपबशा पायरीवर ठेवून तिनं बादली त्यांच्यापुढे सरकवली.

"जाताय कुठं? निस्तरायचं कुणी? पहिल्यापासून शॅम्पू मारायला लागणार. मला एकटीला झेपत नाही."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला.

कॉफी तशीच निवली. आबांनी बॉनेट दोनदा धुतलं, हुंगून पाहिलं, तिसऱ्यांदा धुतलं. मग क्लेचा गोळा तिच्या हातातून काढूनच घेतला. पिशवी घातलेला पंजा ते साऱ्या गाडीवर फिरवत राहिले आणि मधूनच ओरडत, "हितं राहिलंय की गं! कसलं काम म्हणायचं हे?" तिनं सकाळी केलेलं मागचं दार त्यांनी नापास केलं. वॅक्स मात्र नवशिक्यासारखं अगदी भीत भीत लावलं आणि वाळेपर्यंत, कुणी हात लावेल म्हणून, गाडीपाशीच उभे राहिले.

उन्हं कलली तेव्हा शेवटचं फडकं फिरलं. बॉनेटमध्ये वरच्या तारा आणि समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसायला लागले. मंजुनाथ फाटकापाशी येऊन मान डोलावून गेला.

"किती टिकतं हे?" आबांनी विचारलं.

"डबीवर तीन महिने लिहिलंय."

आबा हसले. पंजावरची पिशवी त्यांनी काढली, झटकली आणि दोरीवर वाळत घातली. मग खिशातून बसचं तिकीट काढून तिच्या हातात दिलं.

"हे रद्द कर जा. तीन महिने म्हणतोय न्हवं डबीवाला? बघूनच जातो."